साडूंचं नावेचं गाणं

एखादी गोष्ट आवडणं म्हणजे काय, हे ज्याला खरोखर पाहायचं असेल त्याने अकोल्याला जाऊन आमच्या साडूंना भेटावं. त्यांच्याइतका जीव ओतून एखादी गोष्ट आवडून घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, आणि असलाच तर घरचे लोक त्याला बाहेर सोडत नसावेत. तुम्हाआम्हाला गोष्टी आवडतात त्या येता-जाता. साडूंना एखादी गोष्ट आवडली की त्यांचं जेवण कमी होतं. मागे एका ओळखीच्या मळ्यातलं सीताफळाचं झाड त्यांना आवडलं, तर फळं संपून पानगळ झाल्यावरही ते पाहुण्यांना गाडीत घालून ते झाड दाखवायला नेत. त्यांचं दुकान कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांना लागणाऱ्या पट्ट्यांचं आणि बेअरिंगांचं. तिथे गिऱ्हाईक पैसे काढून उभं असलं तरी ते आधी बेअरिंग बोटावर फिरवून त्याच्या कानाशी धरतात आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत बोलू देत नाहीत. गिऱ्हाईकही बिचारं मान वाकडी करून ऐकत राहतं. त्यांच्यासमोर घाई करणं कोणाला जमत नाही, मला तर कधीच जमलं नाही.

ते गाणं त्यांना भेटलं ते उन्हामुळे. मे महिन्यातली अकोल्याची दुपार ज्याने भोगली आहे त्याला समजेल की माणूस थंड हवेसाठी कोणत्याही सिनेमाला जाऊन बसू शकतो. साडू ज्या परदेशी सिनेमाला बसले त्यात उडते घोडे होते, बोलणारी झाडं होती, आग ओकणारा एक प्राणी होता आणि हे सगळे हिंदीत बोलत होते. साडूंना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ते पहिल्या लढाईत झोपले आणि राजधानी जळून खाक झाली तरी उठले नाहीत. त्यांना जाग आली ती त्या गाण्याने. गाणं तेवढं मूळचंच ठेवलं होतं, कुठल्याशा बनवलेल्या भाषेत, खाली हिंदी अक्षरं. धुक्याने भरलेलं एक तळं आहे. त्याच्या पलीकडे गेलेलं माणूस परत येत नाही. राजाची मुलगी नावेत बसून पलीकडे निघाली आहे, नावाडी वल्हं मारतो आहे, राजा अलीकडच्या काठावर उभा आहे. मुलगी गात गात दूर जाते, आवाज बारीक होत जातो, शेवटी गाणं संपतं आणि नुसतं वल्ह्याचं पाणी वाजत राहतं. एवढंच. पुढचा सिनेमा साडूंनी पाहिला नाही. गाणं संपल्याबरोबर ते बाहेर आले, भर उन्हात स्कूटरपाशी उभे राहिले आणि सीट तापलेली आहे हे विसरून तिच्यावर बसले.

त्यानंतर साडूंनी ते गाणं मोबाइलात उतरवून घेतलं आणि नातेवाइकांत दोन पार्ट्या पडल्या. गाणं आवडणारे आणि न आवडणारे. तिसरं काही शिल्लक राहिलं नाही. साडूंच्या घरी गेलं की पाणी मिळायचं, खुशाली विचारली जायची आणि मग पंखा बंद व्हायचा. पंख्याच्या आवाजात ते वल्ह्याचं पाणी ऐकू येत नाही म्हणून. अकोल्यात, मे महिन्यात. आत ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, कुकर लावलेला असला तर तोही उतरवला जाई, आणि त्या घरी मी किती वेळा अर्धकच्चा भात खाल्ला हे आता आठवत नाही. बायकोचा मामा म्हणाला, याला काही चालच नाही. माझ्या सासूबाई मात्र पदर डोळ्यांना लावून बसल्या आणि गाणं संपल्यावर म्हणाल्या की ती पोर पोहोचली का ते कोणी सांगत का नाही. गंमत अशी की आमच्याकडे नदीला एक तर पूर असतो नाहीतर वाळू असते. नावेत बसलेलं माणूस घरात एक नव्हतं. तरी ते पाणी वाजायला लागलं की बोलणारे गप्प होत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साडूंच्या दुकानाशेजारी रजाकभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान. त्यांना गाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी पिंजायचा कापूस हातात तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, “भाई, ये किसकी बच्ची है? इसको वापस बुलाओ.” साडूंनी त्या दिवशी त्यांना मिठी मारली.

मी स्वतः जांभई देणाऱ्यांच्या पार्टीतला. पण साडूंसमोर जांभई द्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ती नाकाने देत असे.

पाहुणे घरून सटकू लागले तेव्हा साडूंनी शेतात रोडगे ठेवायला सुरुवात केली. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, हे कणकेचे पदर घालून वळलेले मोठाले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजावे लागतात. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि रोडगा बुडेल एवढं तूप. रोडग्यांना घाई चालत नाही. ते आतपर्यंत भाजेस्तोवर माणूस निंबाखाली सतरंजीवर बसून राहतो, भूक वाढत जाते, वास सुटतो आणि सडक लांब असते. साडू रोडगे निखाऱ्यात पुरत, राख सारखी करत, हात धूत आणि शांतपणे स्पीकर चालू करत. एकही पाहुणा कधी उठून गेला नाही. एवढा पक्का बंदोबस्त मी दुसऱ्या कुठल्या मैफलीत पाहिलेला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी, रेणू, लग्नाची झाली आणि गाणं तिच्या आड आलं. मुलाकडच्या मंडळींना साडू पोह्यांवर भागवत नसत, शेतात रोडग्यांना बोलावत, आणि मग पुढचं ठरलेलं. मूर्तिजापूरच्या एका मुलाचे वडील गाणं चालू असतानाच छान आहे म्हणाले. साडूंनी ते स्थळ सोडलं. गाणं संपायच्या आधी मत देणारा माणूस आपल्या पोरीचं बोलणं पूर्ण कधी ऐकणार, हा त्यांचा सवाल. नागपूरच्या इंजिनियरने मान डोलावली, तर ज्या गाण्याला ताल नाही त्यावर मान कशाची हलवतो, म्हणून तो गेला. एका मुलाच्या काकांनी तर कोणी वारलं का म्हणून विचारलं, त्यांना रोडगे बांधून देऊन वाटेला लावलं. ज्यांना गाणं आवडलं नाही ते नालायक आणि ज्यांना आवडलं ते खोटारडे, असा तो हिशेब. त्यातून पास होणारा मुलगा जन्माला यायचा होता, आणि हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रेणूच्या आलं होतं. ती एका रविवारी अमरावतीला आमच्या राजापेठेतल्या घरी आली आणि बायको आत गेल्याचं पाहून मला म्हणाली, “मावसाजी, पुढच्या रविवारी धारणीचे डॉक्टर येऊन राहिले घरच्याइले घेऊन. बाबाले सांगा, ते गाणं नोका लावू. हे मोडलं तं मी दुसरं पाह्यनार नाही.” हा धारणीचा डॉक्टर म्हणजे गुरांचा डॉक्टर. अकोल्याला शिकायला होता तेव्हापासून दोघांची ओळख. घर अमरावतीजवळचं शेतकऱ्याचं, नोकरी मेळघाटात सरकारी. पोरीचा आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

मी अकोल्याला जाऊन साडूंसमोर बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ एक बेअरिंग नुसतं हातात धरलं, फिरवलं नाही. मग आत जाऊन स्पीकर आणला आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेवून दिला. चावी तुमच्याजवळच ठेवा म्हणाले. इतका मोठा त्याग इतक्या मुकाट्याने केलेला पाहून मला भरून आलं.

रविवारी मंडळी आली. मुलगा सावळा, थोडका बोलणारा. वडील भारदस्त, आई प्रेमळ. रोडगे निखाऱ्यात गेले. साडूंनी हात धुतले आणि पुढे काय करायचं हे न सुचून पुन्हा धुतले. मग ते निखाऱ्याभोवती फिरू लागले. आम्ही कापसाच्या भावावर बोललो, पावसावर बोललो, मेळघाटातल्या वाघांवर बोललो. मुलाच्या वडिलांचा चेहरा मात्र हळूहळू उतरत चालला होता. शेवटी त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, “आमी ऐकलं का येथं सगळ्या पाव्हन्याइले एक गानं ऐकवतेत. आमाले काहून नाही ऐकवलं? आमी आधीच नापास झालो काय?”

मी कपाळाला हात लावला. गाण्याची कीर्ती त्यांच्या गावापर्यंत गेली होती आणि न ऐकवणं हा त्यांना पाहुणचारातला अपमान वाटत होता. आता नाही म्हणणं म्हणजे स्थळ तिथेच मोडणं. मी रेणूकडे पाहिलं. ती तुपाचं भांडं घेऊन उभी होती, तिने डोळे मिटले. मग मीच गाडीपर्यंत गेलो, डिकी उघडली आणि तो स्पीकर माझ्याच हातांनी आणून सतरंजीवर ठेवला.

गाणं सुरू झालं. त्या दिवशी वारा पडला होता. पलीकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून ऐकू लागल्या. मुलाची आई आधी हसली, मग तिने चष्मा काढला. वडील उठून विहिरीकडे निघून गेले, ते संपेपर्यंत आले नाहीत. मुलगा काडीने माती उकरत खाली पाहत बसला होता. नावेतल्या मुलीचा आवाज विरला, पाणी वाजलं, तेही थांबलं. साडू कधी कोणाला कसं वाटलं असं विचारत नाहीत, ते फक्त बघतात. ते मुलाकडे बघत राहिले.

“मले नाही आवडलं, काका,” मुलगा म्हणाला.

मला वाटलं, संपलं. मुलाने काडी टाकून दिली आणि पहिल्यांदा वर पाहिलं. “मले ऐकवतच नाही ते. तुमी काठावर उभे हा, म्हनून तुमाले आवडते. मी त्यातला नावाडी हाओ ना. मले कसं आवडन?”

साडूंच्या चेहऱ्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. ताई माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही इतकी वर्षं त्या गाण्यावर वाद घातले, चाल आहे की नाही यावर भांडलो, आणि हा माणूस कशासाठी ते सारखं सारखं ऐकतो हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. त्यांना मुलगा पारखायचाच नव्हता. त्यांना मुलगी जाऊ द्यायची नव्हती. हे त्यांना स्वतःला तरी माहीत होतं का, कोण जाणे. शेवटी साडू उठले. निखाऱ्यातून एक रोडगा काढला, राख झटकली, चटके सोसत तळहातावर फोडला आणि त्या मुलाच्या ताटात ठेवला. मग लेकीकडे न बघता म्हणाले, “तूप आन व, रेणू. जास्तीचं आन.” विहिरीकडून येणाऱ्या व्याह्यांना काय ठरलं हे सांगावं लागलं नाही.

लग्न झालं. पहिल्यांदा रेणूला धारणीला पोहोचवायला साडू स्वतः गेले. परतवाड्यापुढचा घाट, सेमाडोह, पुढचा खड्ड्यांचा रस्ता, सगळा प्रवास जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसने अमरावतीला आमच्या घरी उतरले. आमच्या धाकट्या मुलीने त्यांना चहा दिला. क्वार्टर बरं आहे म्हणाले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो, शेजारीण कोरकू आहे, तिने आल्याबरोबर कंदील आणून दिला. जावई रात्रीच कोणाची तरी म्हैस विताना अडली म्हणून गेला तो सकाळी परतला. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. मग बोलणं संपलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी उठून पंखा बंद केला आणि म्हणालो, लावा गाणं.

“माह्याजवळ नाही आता,” ते म्हणाले. “तिथं रेंज नाही राहत, म्हनून पोरीच्या मोबाइलात टाकून देल्लं. अन् माह्यातून काढून टाकलं. मले बी ऐकवत नाही आता, भाऊ.” मग त्यांनीच उठून पंखा चालू केला आणि अकोल्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.

त्यांना बसमध्ये बसवून मी घरी आलो. खोलीत एकटाच होतो. ते गाणं माझ्या मोबाइलमध्ये शोधलं आणि लावलं. इतकी वर्षं ऐकूनही ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाहेर धाकटी ट्यूशनला निघाली होती, गाडी काढता काढता नेहमीसारखी ओरडली, “येते, बाबा.” नावेतली मुलगी तेव्हा अजून गात होती. गाणं चांगलं आहे की वाईट, हे मला आजही सांगता यायचं नाही. मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो, आणि तिची गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.