शून्याचं पाणी

आमच्या बोअरचं पाणी माणसाला चालतं, गुरांना चालतं, कपाशीलाही चालतं. काचेला चालत नाही. त्यात क्षार फार. धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उठतात, आणि ते काढायला कुणालातरी काचेपर्यंत पोचून फडकं मारावं लागतं. सुरतेला माझा थोरला भाऊ आणि मी, दोघांनी मिळून सहा वर्षं हेच केलं. एकजण गच्चीवर दोर सांभाळायचा, दुसरा लाकडी झुल्यावर बसून काचांसमोर लोंबकळायचा.

सकाळचा अर्धा दिवस एकानं उतरायचं, दुपारी दुसऱ्यानं, असा आमचा नेम होता. त्या दिवशी सकाळ दादानं केली होती. दुपार माझी. जेवण झालं, मी कठड्यावरून खाली पाहिलं आणि मला उतरवेना. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्या दिवशीच का झालं ते आजही सांगता येत नाही. मी चक्कर येते म्हणालो. दादानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

“पड जरासा. मी जास,” म्हणाला आणि दोर टाकीच्या खांबाला आवळून स्वतःच पट्टा बांधला. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन पडलो. दोर कठड्याच्या धारेवर घासून तुटला तेव्हाही मी पडलेलाच होतो.

लोकांना, पोलिसांना आणि गावी वहिनीला मी एकच सांगितलं. माझा नंबर होता, मी तयारही झालो होतो, पण दादा हट्टाला पेटला, ऐकेना, पुन्हा उतरला. नऊ वर्षं मी हेच सांगत आलो. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना आवाजही हलेनासा झाला. वहिनी आमच्यातच राहते, माझ्या बायकोच्या जोडीनं घर चालवते. तिनं त्या दुपारबद्दल पुन्हा कधी काही विचारलं नाही. मला त्याचीच धास्ती वाटायची. हिला कळलंय, फक्त माझ्या तोंडून यायची वाट बघतेय, असं सारखं मनात यायचं.

काचा मी सोडल्या. कोरीटला, आमच्या गावी, परत आलो, लोकांच्या शेतात ठिबकच्या नळ्या आणि फिल्टर बसवू लागलो, पंप दुरुस्त करू लागलो. मग एकदा मोबाइलवर एक माणूस दिसला. जमिनीवर उभा राहून लांबलचक काठीनं तिसऱ्या मजल्याच्या काचा धूत होता. काठीच्या टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी, आणि फडकं नाहीच. पाण्यातले सगळे क्षार आधीच काढून टाकलेले, त्यामुळे काच आपली आपण वाळते आणि डाग पडत नाही. मी ते किती वेळा पाहिलं याची गणती नाही. बायकोला वाटलं मला धंदा दिसतोय. मला दिसत होतं ते एवढंच, की त्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढल्या. तीनशे लिटरची टाकी, बॅटरीवरचा पंप, पाइपाचं रीळ. बोअरचं पाणी आधी गाळणीतून, मग आरओतून, आणि शेवटी रेझिनच्या नळकांड्यातून टाकीत. रेझिन म्हणजे साबुदाण्याएवढे पिवळसर दाणे. आरओतून निसटलेले उरलेसुरले क्षार ते धरून ठेवतात. पहिल्या खेपेला मी टाकी नुसती पट्ट्यानं आवळली होती. फाट्यावर म्हैस आडवी आली, ब्रेक मारला आणि तीनशे लिटर पाणी माझ्या पाठीत येऊन आदळलं. पाण्याला ब्रेक नसतो हे ठिबकवाल्याला कळू नये म्हणजे कमालच. मग व्हॅनच्या तळाला लोखंडी पट्ट्या घालून टाकी बोल्टनं आरपार कसली.

पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारं पेनाएवढं मीटर मिळतं. बोअरच्या पाण्यात बुडवलं तर सहाशे चाळीस. आरओनंतर बावीस. रेझिननंतर तीन शून्यं. शेजारी ओट्यावर बसून हे सगळं बघत होता.

“पानीले बी धुवतस का रे?” त्यानं विचारलं.

“धुवनं पडस,” मी म्हणालो. तो चार घरी सांगत सुटला. बायकोनं त्या पाण्याचं नाव शून्याचं पाणी ठेवलं, आणि घरात तेच रुळलं.

चाचणीसाठी मी शाळेच्या वरच्या खिडकीला काठी लावली. ब्रश चौकटीवर दोनदा आपटला, ठक ठक. दादाला खालच्या काचेवर जायचं असलं की तो झुल्यावरून काचेवर अशीच दोनदा टकटक करायचा. मग मी वरून दोर सैल सोडायचा. माझे हात त्या सवयीनं ढिले पडले आणि काठी अंगावर आली. हात भरून आले, असं बायकोला सांगितलं. त्यानंतर ते सारखंच होऊ लागलं. पंप चालू केला की त्याच्या घरघरीत दोन ठोके ऐकू यायचे. ओल्या काचेकडे खालून बघताना तिथं पाय दिसायचे, धुळीनं पांढरे पडलेले, उजव्या टाचेला भेग असलेले. भूत म्हणा, भ्रम म्हणा, मला त्या पायांची भीती वाटत नव्हती. ते खाली का उतरत नाहीत, या विचारानं मी हैराण व्हायचो.

पहिलं काम नंदुरबारला मिळालं, मिरची बाजाराच्या रस्त्यावरचं कपड्यांचं नवं दुकान, तीन मजले नुसती काच. हंगाम मिरचीचा. तिकडच्या मिरची वाळत घालायच्या पथाऱ्यांवरून लाल धूळ उडून प्रत्येक काचेवर बसलेली. आदल्या दुपारी वर थोडी जागा ठेवून टाकी भरली, मीटर लावलं, शून्य. सकाळी बायकोनं व्हॅनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. अशा वेळी वहिनी पुढे येत नाही. ती व्हॅनच्या मागच्या अंगाला होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

काचा धुतल्या. लाल पाणी ओघळलं, डोळे चुरचुरले, तिसरा मजला लख्ख झाला. मी खाली उभा, मान वर, आणि ऊर भरून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक अख्खी काच कुणी वर न जाता धुतली गेली होती. अर्ध्या तासानं ऊन फिरलं आणि दुकानाचा मालक बाहेर आला.

“ह्ये काय?” त्यानं बोट दाखवलं.

काचभर ठिपके. बारीक, पांढरे, पहिल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत. मी वेड्यासारखं मीटर टाकीत बुडवलं. सत्तावीस. रेझिन गेलं म्हणावं तर ते नवंकोरं. जोड तपासले, झाकण उघडून आत डोकावलो. पाण्यावर तुळशीची दोन पानं तरंगत होती.

मी घरी फोन लावला. फोन वहिनीनंच घेतला.

“हा, मीच टाकं,” ती सहज म्हणाली. “तापीनं पानी. काल परकाशाले गयथू, एस्टीमा कॅन भरीसन लई वनू.”

“किती?”

“पुरा कॅन. वीस लिटर.”

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडलो. मशीन काय आहे, पाणी काय आहे, कुणाला विचारून झाकण उघडलं, घरात बसून तुम्हा बायकांना एवढंही कळत नाही का, नको नको ते बोललो. ती सगळं ऐकून घेत राहिली. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, “भाऊ, तुम्हना दादा तठेच शेतस ना. आते त्यासले वर चढानी गरज नही. म्हनीसन टाकं. तुम्हना संगे खाले उभा ऱ्हातीन.”

प्रकाश्याला तापीच्या संगमावर दादाच्या अस्थी मीच सोडल्या होत्या. त्या वेळी वहिनीला उभं राहवत नव्हतं, तिला काठावर बसवलं होतं. मी फोन ठेवला.

मालक म्हणाला, उद्या या, पण नीट करून द्या. म्हणजे टाकी रिकामी करून पुन्हा भरायला हवी होती. मी व्हॅनच्या मागे गेलो, खालच्या नळावर हात ठेवला आणि तो फिरवेना. वीस लिटर तापी आणि बाकीचं शून्य, आता कुणाला वेगळं करता येणार होतं? शेवटी फिरवला. पाणी रस्त्यावर पसरलं, मिरचीचं बी आणि देठं घेऊन गटाराकडे निघालं. एक रिक्षा त्यातून गेली. मी नळ बंद करायला वाकलो, मग तसाच धरून उभा राहिलो. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मला समोरच्या काचेकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, बायको आत स्वयंपाकघरात. ओरडल्याबद्दल माफी मागायची, एवढंच ठरवून आलो होतो. तिच्यासमोर खाली बसलो आणि निघालं भलतंच.

“वहिनी, त्या दिशी दादानी हट्ट नही करा.”

तिचे हात थांबले.

“मन्हा नंबर व्हता. माले भीती वाटनी. मी चक्करनं सोंग करं, म्हनीसन दादा गयात. मी तुमले खोटं सांगं.”

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी मान खाली घालून बसलो. शिव्या देईल, पाट फेकून मारेल, घरातून चालते व्हा म्हणेल, या सगळ्याची माझी नऊ वर्षांची तयारी होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग तिनं विचारलं, “हट्ट नही करा त्यासनी?”

“नही.”

“तुमना साठे गयात?”

“हा.”

“नऊ वरीस,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. “नऊ वरीस मी त्यासनावर रागे व्हतू, भाऊ. रोज म्हनू, तुमले घर दिसनं नही, मी दिसनू नही, नुसती काच दिसनी. त्यासना फोटोले एक दिन हात जोडात नहीत मी. तोंड फिरायी लेऊ.”

तिला माझा राग असेल, या भीतीत मी नऊ वर्षं काढली होती. तिचा राग माझ्यावर नव्हताच कधी. मी तो दादाच्या माथी मारून मोकळा झालो होतो, आणि मेलेल्या माणसाला आपली बाजू सांगता येत नाही.

वहिनी उठली. पदरातली टरफलं झटकली, माझ्या शेजारून पण माझ्याकडे न बघता आत गेली. दादाचा फोटो मधल्या खोलीत आहे. मी ओट्यावरून पाहिलं, तिनं तो खिळ्यावरून उतरवला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली.

“आयकतस का?” ती म्हणाली.

पुढचं ती फार हळू बोलत होती. ते माझ्यासाठी नव्हतं.