‘ण’ची शिकवणी

आमच्या पक्षाध्यक्षांच्या तोंडी आज जो खणखणीत ‘ण’ आहे, तो मी शिकवलेला आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही, मला त्याची लाज वाटते.

जूचंद्रच्या एकाच आळीत आम्ही वाढलो. दोघांचे बाप मिठागरावर. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो जेवायला आमच्याकडेच असे. पुढे मी मराठीचा मास्तर झालो, तो पुढारी. खासदारकीला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा भर सभेत गरजला, "माझ्या गावाला पानी पायजे!" आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नव्या इमारतींतले काही जण मात्र मागे फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओटीवर येऊन बसला. "मास्तर, मला सुद्द बोलायला सिकव."

महिनाभर शिकवलं. पाणी, लोणी, आणि, कोण. तो चुकला की मी लगेच म्हणायचो, "पानी नाही, पाणी." मासे साफ करता करता आई आतून ओरडायची, "आरं, सोड त्याला, जीब मोडंल त्याची!" आम्ही हसायचो. मला तर वाटायचं, मी मोठं पुण्यकर्म करतोय.

तो निवडून आला. लोकसभेत गावच्या पाण्यावर बोलला तेव्हा आख्खी आळी आमच्या टीव्हीसमोर होती. एकही ‘ण’ चुकला नाही. मी रडलो, खोटं कशाला सांगू? पुढे तो पुन्हा निवडून आला. पक्षातल्या दोन ज्येष्ठांत जुंपली, आणि दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ या न्यायाने अध्यक्षपद याच्या पदरात पडलं. आता तो राज्याच्या पाण्यावर बोलू लागला. नद्या, धरणं, खोरी. आमच्या आळीत नळ बसले, पण त्यांना पाणी आलं नाही. आई टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभीच.

गेल्या उन्हाळ्यात ती फार थकली. दारातल्या नळाचं पाणी एकदा ओंजळीत घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. मी तिला रिक्षाने त्याच्या कार्यालयात नेलं. तो उठला, वाकून पाया पडला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "बाला, आपल्या आलीन पानी कवा येल रं?"

खोलीत बरीच माणसं होती. त्यांच्याकडे बघत तो हसून म्हणाला, "काकी, पानी नाही, पाणी."

सगळे हसले. ते वाक्य माझं होतं, हेलसुद्धा माझाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला काही कळलं नसेल असं मी धरून चाललो होतो. परतताना रिक्षात ती म्हणाली, "पानी बोलाचा तवा त्याला तहान ठावं व्हती."

पावसाळा सरता सरता ती गेली. शेवटचं तोंडात घातलं ते बाटलीतलं पाणी. तो भेटायला आला, मागे गाड्यांची रांग. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काकींची काही इच्छा राहिली का?"

"पानी आला नाय," मी म्हणालो.

या वेळी त्याने ‘पानी’ सुधारलं नाही.