मेव्हिसची डावखुरी बंदूक

मेव्हिस डंकलबर्गर उभं आयुष्य शाळेची बस चालवत आली. बर्फातले घाट आणि मागे किंचाळणारी पोरं, दोन्ही एकाच वेळी ताब्यात ठेवणारी बाई. पण शिकारीच्या कॅम्पवर तिला एकच काम जमतं, यावर तिथल्या सगळ्या पुरुषांचं एकमत होतं. ते काम म्हणजे स्वयंपाक. दर हंगामाला ती पातेली घेऊन डोंगरावर जायची, सगळ्यांना पोटभर वाढायची, भांडी घासायची आणि अंधारात गाडी हाकत घरी यायची. बाईमाणसाला तिथे झोपायला जागा नव्हती. म्हणजे खाटा भरपूर होत्या, रिवाज नव्हता.

त्या वसंतात तिचे वडील अ‍ॅमन गेले आणि चुलीजवळची त्यांची खाट रिकामी झाली. मेव्हिसला ती हवी होती. दुसरं काही नको, घर नको, जमीन नको, तेवढी खाट हवी. चुलतभाऊ एलवुड कॅम्पचा प्रमुख. त्याला कोणी नेमलं हे कोणाला आठवत नव्हतं, त्यालाही नाही.

"खाट शिकाऱ्याची असते, मेव्हिस," तो म्हणाला. "नाताळानंतरच्या हंगामात जो बंदूक घेऊन उतरेल त्याची. नाहीतर आमचा ट्रॉय आहेच."

ट्रॉय हा एलवुडचा जावई, विमा विकायचा. आयत्या बिळावर नागोबा व्हायला त्याची कधीच ना नसे.

"मग मी उतरते," मेव्हिस म्हणाली.

आता नाताळानंतरच्या हंगामाची गंमत अशी, की ज्या पेनसिल्व्हेनियात लोक अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरून गाडी गरम करतात, तिथेच सरकार हरणामागे धाडताना फक्त चकमकीची ठासणीची बंदूक हातात देतं. नळीत दारू ओता, गोळी गजाने ठासा, नळीच्या कानावर रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, टाका, चाप ओढा, गारगोटी पोलादावर आपटेल, ठिणगी पडेल आणि देवाच्या मनात असलं तर बार उडेल. तोवर हरीण पुढच्या तालुक्यात.

वडिलांची बंदूक घरात होती, पण ती उजव्या हाताची, चकमक उजव्या अंगाला. मेव्हिस डावखुरी.

"त्यात काय? उजव्या खांद्याला लाव," एलवुड म्हणाला.

"तू डाव्या हाताने सही करून दाखव, मग लावते."

तिने ती डाव्याच खांद्याला लावून परसात बार काढला. रंजक भपकन तोंडासमोर पेटली आणि अर्धी भुवई गेली. उरलेली भुवई घेऊन ती लेबोच्या बंदुकांच्या दुकानात गेली. एलवुडही सोबत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

लेबोने भुवईकडे पाहिलं आणि सभ्यपणे छताकडे पाहिलं. मग गल्ल्यामागून एक आखूड, हलकी, खेळण्यासारखी बंदूक काढली. "बायकांना ही फार आवडते."

"किती बायकांनी घेतली?"

"अजून कोणी नाही."

"डावखुरी आहे?"

"नाही. पण वजन तर बघा, कापूस!"

"घे गं हीच," एलवुडने री ओढली. "तुला कुठे खरंच हरीण मारायचंय?"

मेव्हिस दुकानात नजर फिरवत होती. कोपऱ्यात, धूळ खात, एक लांबलचक बंदूक उभी होती. साधा दस्ता, नक्षी नाही की पितळ नाही, पण चकमक डाव्या अंगाला. तिने ती उचलून खांद्याला लावली. गाल दस्त्यावर बसला तो असा, की जणू कोणी माप घेऊन घडवलीय.

"अहो बाई, ती तुमच्याहून उंच आहे!" लेबो म्हणाला. "दारू ओतायला नळीच्या तोंडापर्यंत हात तरी पोचेल का?"

"बसही माझ्याहून उंच आहे. चालवतेच ना?"

"जड आहे, खांदा गळेल," एलवुड म्हणाला.

"तुमची पातेली हलकी होती वाटतं."

तीच घेतली.

नवीन वर्षाच्या दिवशी, डुकराचं मांस आणि आंबट कोबी कॅम्पच्या चुलीवर रटरटत ठेवून, ती उतारावर जाऊन बसली. दुपारी एक हरणी हेमलॉकच्या झाडांतून निवांत चालत पुढ्यात आली. मेव्हिसने चाप ओढला. ठिणगी पडली, आणि बार उडेपर्यंतच्या त्या एवढ्याशा क्षणात तिने डोळे मिटले. धूर विरला तेव्हा हरणी तिथेच उभी, कान टवकारून. पुन्हा दारू भरायची तर नळीचं तोंड कपाळाच्या वर. मेव्हिस एका ओंडक्यावर चढली. हरणीने ते चढणं शेवटपर्यंत पाहिलं, मग सावकाश निघून गेली.

संध्याकाळी कॅम्पवर तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. हसून हसून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांच्या खाटेवर मात्र ट्रॉयची पिशवी आधीच येऊन बसली होती.

या कॅम्पात ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याची शेपटी, म्हणजे मागचा खालचा भाग, कापतात, त्यावर नाव घालतात आणि तुळईला ठोकतात. तुळईवर एलवुडच्याच शेपट्या सर्वांत जास्त होत्या. ट्रॉयची एकही नव्हती. तो दरवर्षी गाडीतच बसून हरणाची वाट पाहायचा. कात्री खिळ्याला टांगलेली होती. कोणी उठलं नाही.

"राहू दे," एलवुड मायेने म्हणाला. "बाईमाणसाचा सदरा काय कापायचा! जेवण झकास झालंय हो, मेव्हिस."

मेव्हिसच्या अंगाचा तिळपापड झाला. टिंगल तिला चालली असती, ही माया सहन होईना. तिने स्वतः कात्री काढली, पँटमधून नवाकोरा सदरा ओढला आणि मागून चरचर कापला. कोळशाने नाव लिहिलं. पण तुळईपर्यंत हात पोचेना.

"कोण ठोकतंय?" ती म्हणाली.

एलवुडने ताटली खाली ठेवली, गुडघे धरत उठला आणि खुर्चीवर चढून ती चिंधी अ‍ॅमनच्या शेपटीशेजारी ठोकली. खिळा वाकडा गेला, तो त्याने उपटून पुन्हा ठोकला. खाली उतरून तो खाटेपाशी गेला, पिशवी उचलली आणि ट्रॉयच्या मांडीवर ठेवली.

"पण बाबा, तिचा नेम चुकला!" ट्रॉय म्हणाला.

"हो ना," एलवुड म्हणाला. "तुझा कधी चुकलाय?"