सुतळीच्या गाठी

जव्हारला आमच्या डॉक्टरांकडे जो कंपाउंडर होता, तो मोठा तुसडा माणूस. संस्थान विलीन झालं, कचेरीवरची पाटी बदलली, पण ह्याचा दरारा तोच. "ओळीत! मास्तर, तुम्हीसुद्धा!" माझ्या पोटदुखीला त्याने कधी आधीचा नंबर दिला नाही.

पुन्हा कधी यायचं, ते आम्हाला तो चिठ्ठीवर लिहून देई. डोंगरातल्या माणसांना मात्र सुतळी. जितके दिवस, तितक्या गाठी. "रोज सकाळी एक सोड. संपल्या की निघ." चालत येण्याचा दिवस त्याने आधीच वजा केलेला असे.

एकदा सूर्यमाळची एक बाई तापाने मलूल झालेलं पोर घेऊन आली. डॉक्टरांनी औषध दिलं. ह्याने सात गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. त्यानंतर मी औषधाला जाई तेव्हा बाटल्या भरता भरता त्याची नजर दाराकडे वळे.

आणि एका सकाळी ती दारात उभी. सुतळीला अजून दोन गाठी शिल्लक.

"एवढं सांगितलं तरी आधीच आलीस?" तो खेकसला.

"पोऱ्या हसाय लागला, दादा. तुला दाखवाया आणला."

पोर खरंच हसत होतं. कंपाउंडरने तिच्या हातातून सुतळी घेतली, खाली मान घालून दोन्ही गाठी सावकाश सोडवल्या आणि एकदम आमच्यावर ओरडला, "ओळीत!"

आम्ही सगळे ओळीतच होतो.