चेहरा बघून नमस्ते

न्यूझीलंडमधल्या आमच्या गावच्या वाचनालयातली बाई चेहरा बघून बोलते. इथला मूळचा माओरी दिसला की त्याच्या भाषेत 'किया ओरा', मी गेले की हात जोडून 'नमस्ते', गोऱ्यांशी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा. परवा तिच्याकडे, गावात कुठकुठले लोक राहतात ते लिहायचा फॉर्म होता. माझी नात इथेच जन्मली. तिने पेन्सिलीने 'न्यूझीलंडर' लिहिलं. बाईने गोड हसून ते खोडलं आणि 'इंडियन' लिहिलं.

"तू स्वतःचं काय लिहिलंस?" मी बाईला नातीकरवी विचारलं.

"न्यूझीलंडर! माझे आजोबा स्कॉटलंडहून बोटीने आले ना!"

माझा मुलगा विमानाने आला, एवढाच फरक.

निघताना बाईने नमस्ते केलं. आजवर तिला 'हॅलो' म्हणणाऱ्या नातीने मुकाट्याने हात जोडले. ते हात मला खाली ओढावेसे वाटले.