सुभेदारांचा कॉम्प्युटर क्लास

शिकवताना सुभेदार की-बोर्डला हात लावायचे नाहीत. आम्ही कितीही अडलो तरी आमच्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून ताठ उभे. "माझी बोटं शिकून काय उपयोग? तुमची शिकू द्या," म्हणायचे.

सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत होते. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी परतले ते गावातला पहिला कॉम्प्युटर घेऊनच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मुलींसाठी क्लास काढला, फुकट. प्रत्येकीला ते 'ऑपरेटर' म्हणत. एकदा माझ्या हातून स्क्रीन काळी झाली, तशी मी घाबरून उठले. "बसा, ऑपरेटर. मशीनला भ्यायचं न्हाई. ते हुकमाचं ताबेदार हाय. हुकूम चुकला असंल."

तोवर मला 'बसा' असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग कुजबुज सुरू झाली. बायको वारलेला माणूस, एकटा, आणि पोरी तासन्‌तास आत काय करतात? एका संध्याकाळी सरपंच माणसं घेऊन दारात आले. माझे वडीलही त्यांच्यात होते.

"सुभेदार, लय झालं शिकवणं. उद्यापासनं बंद."

"आवं, आत येऊन बगा तरी," सुभेदार म्हणाले. कुणी उंबरा ओलांडला नाही.

क्लास बंद पडला. सुभेदार मुलाकडे सांगलीला निघाले, तेव्हा सामानाचा टेम्पो आमच्या दारात थांबला. त्यांनी कॉम्प्युटर उतरवला. वडील समोर उभे होते, त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "ऑपरेटर, चार्ज घ्या." वडिलांना मान वर करता आली नाही, म्हणून ते मशीन घरात राहिलं. त्याच्यावरच मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. आज पुण्यात त्याच कामावर माझं घर चालतं.

सांगलीला मी भेटायला जायचे. नवीन काय शिकले ते सांगितलं की खूश व्हायचे. गावाचा विषय निघाला की मात्र उठून आत जायचे. गावात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

यंदा ते गेले. गावानं शोकसभा ठेवली. चौकात फ्लेक्स लागला: 'गावातील संगणकयुगाचे जनक'. सुभेदारांच्या फोटोशेजारी त्याच माजी सरपंचांचा फोटो, जरा मोठाच. माईकही त्यांनीच माझ्या हातात दिला. "बोल, बाय. आपल्या सुभेदारांची पोरगी तू."

"मला सुभेदारांनी उभं केलं," मी म्हणाले, "आणि सुभेदारांना ह्या माणसांनी गावातनं घालवलं. माझे वडीलही त्यात होते."

कुणीतरी माईक बंद केला. मी आवाज चढवला आणि बोलत राहिले.