जीप सकाळीच का रुसते

औशात आमच्या दारात उभी असलेली पेट्रोलची जीप वयानं माझ्याहून थोडीच लहान आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती नांदेडहून जुनीच आणली होती. तिच्या बॉनेटखाली दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या आणि त्याच जीपमधून मी त्यांना सकाळी लातूरला डायलिसिसला नेऊ लागलो. एक पाळी चुकली तरी पायांवर सूज चढते, आडवं पडलं की धाप लागते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात जीप ऐन निघायच्या वेळी रुसायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

चावी फिरवली की नुसतं टक. दिवे मिणमिणे, हॉर्न मुका, धक्का मारला तरी इंजिन गप्प. संध्याकाळी मात्र तीच जीप पहिल्या झटक्यात चालू व्हायची.

पहिला संशय अर्थातच मिस्त्रीवर. बॅटरी त्यानं बसवली होती, तेव्हा जुनीच रंगवून माझ्या गळ्यात मारली असणार. बॅटरी काढून स्कूटरवर त्याच्याकडे नेली. त्यानं मीटर लावला.

"बॅटरी ब्येस हाय. माझ्यावर कशाला शक घेऊन राहिलात? घरीच कायतरी करंट खाऊन राहिलंय, ते बघा."

तो इतका शांतपणे बोलला की माझा संशय वाढलाच. तरी घरी येऊन बॅटरी बसवली, निगेटिव्हची वायर सुटी केली आणि मधे टेस्टचा बल्ब धरला. चावी बंद असूनही बल्ब लागला. एकेक फ्यूज उपसत गेलो, तरी बल्ब विझेना. म्हणजे कुठलीतरी वायर फ्यूजला टाळून थेट बॅटरीवर होती. अण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते, पण चकार शब्द बोलत नव्हते. एरवी माझ्या हातून पाना पडला तरी हा माणूस गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

चोर सापडला तो डॅशबोर्डवरचा गणपती. त्याच्यापुढचा लाल दिवा अण्णांनीच थेट बॅटरीवर घेतलेला. आमच्याकडे गाडीतल्या देवाचा दिवा चावीवर ठेवत नाहीत, गाडी बंद केली की देव अंधारात नको. मी तो चावीवर घेतला.

"देवाला बी चावीवर ठिवलास व्हय?" अण्णा एवढंच म्हणाले.

पुढच्या डायलिसिसच्या सकाळी पुन्हा टक.

आता पाळी शेजाऱ्यांची. जीप त्यांच्या फाटकासमोर येते यावरून आमची जुनी कुरबूर होती. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आता माझ्यावर बी घ्या की संशय." तसा तो क्षणभर आलाही होता, कारण हा खटारा विका म्हणून ती कधीची मागे लागली होती. त्या दिवशी शेजाऱ्यांनीच स्वतःच्या कारमधून आम्हाला लातूरला नेलं. मी मागे बसून, ह्यात ह्यांचा काय फायदा असेल, याचा विचार करत राहिलो.

परत आलो तो थेट बॉनेट उघडलं. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी मायनसला लावली, बल्ब लख्ख. तीच दुसरी वायर जीपच्या पत्र्याला लावली, तर बल्ब मेला. दोष बॅटरीकडून पत्र्याकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत होता. तिचा नट बोटांनी फिरत होता आणि त्याच्या कडांवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. उभ्या गाडीचा नट आपोआप ढिला होत नाही. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की बाजाराला जाताना जीप कधीच रुसली नव्हती. म्हणजे फक्त डायलिसिसच्या सकाळी कुणीतरी नट सैल करत होतं आणि नंतर गुपचूप आवळून ठेवत होतं. नट करकचून आवळला आणि कुणाला काही बोललो नाही.

डायलिसिसच्या पुढच्या पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिलो. शेजाऱ्यांना ऐकवायची वाक्यं मनात तयार होती. फटफटलं तेव्हा बॉनेट वर गेलं, आणि त्याच्याखाली अण्णांची पांढरी टोपी दिसली. डायलिसिसच्या सुया घेणारा डावा हात त्यांनी छातीशी जपून धरला होता आणि उजव्या हातानं ते पाना फिरवत होते.

मी बाहेर धावलो.

"अण्णा, जीव जाईल तुमचा! कळतंय का?"

त्यांनी पाना लपवला नाही.

"कळतंय की. पर मी आज नगं म्हणलं तर तुम्ही ऐकून घेत न्हाई. रोजचंच हाय म्हणता. म्हणलं, जीपनं तरी न्हाई म्हणावं. तिचं ऐकता तुम्ही."

आज नगं, हे ते खरंच दर वेळी म्हणायचे. मी दर वेळी त्यांच्या चपला पुढे सरकवायचो.

"मग आज जायचं का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. यात माझा काही डाव तर नाही ना, हे ते तपासत होते. मग खाली वाकले आणि नट स्वतःच आवळायला लागले.

"चल," ते म्हणाले. "इचारलंस म्हणून."